पंडिता रमाबाईंचे शास्त्रवाचन



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या ह्या स्मरणिकेत एखाद्या थोर ख्रिस्ती स्त्रीचे चरित्र असावे, असे संपादक भगिनींनी ठरवले आणि ते काम माझ्याकडे सोपवले. पंडिता रमाबाईंचे नाव सुचायला मला विचार करावा लागला नाही. त्यांची शारदासदन आणि मुक्तिसदन ही कामे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. म्हणून त्यांचे सबंध चरित्र सांगण्याचा प्रयत्न मी करीत नाही. त्यांच्या आयुष्यातला एकच धागा मला हाती धरावासा वाटतो, तो म्हणजे त्यांचे शास्त्रवाचन. आपल्या मंडळाची प्रत्येक सभा शास्त्रवाचनाने सुरू होते आणि आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी सकाळी किंवा रात्री एखादा अध्याय वाचला जातो. हे वाचन माणसाला कोठे नेऊ शकते आणि त्याची काय किंमत पडू शकते, ते रमाबाईंच्या जीवनात जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ ह्या रानातल्या ठिकाणी झाला. तो भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवावे असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी स्वतःच्या घरी अमलात आणले. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवले, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपल्या मताचे समर्थन करावे लागले. पुढे ह्या लक्ष्मीबाईंनीच रमेला शिकवले. घरकामाच्या रगाड्यातून आईला सवड मिळायची ती भल्या पहाटे. पाखरे जागी होण्याच्या वेळेला आई मुलीला हळूच उचलून मांडीवर घेई, गोंजारून जागी करी आणि पाठ देई. ह्या पहाटेच्या पाठांतूनच भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला तोंडपाठ झाले. दिवसाचा पहिला प्रहर शास्त्राला द्यायचा, ही सवय रमाबाईंना आईच्या मांडीवर लागली. पुढे शास्त्र बदलले, पण सवय बदलली नाही.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर हिंडत असे. मग दुष्काळ आला. जवळचे पैसे व भांडीकुंडी संपली. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत १८७४ मध्ये वडील गेले. सन्मानाने जगावे आणि जन्मभर देवाची सेवा करावी, असे त्यांनी अखेरच्या घडीला धाकट्या लेकीला निक्षून सांगितले होते. त्यांच्या पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिली. व्रते, उपवास, देवदर्शने सर्व काही यथासांग केले होते, तरी देव बोलला नाही, असे त्यांना वाटू लागले होते.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्याच शहरात त्या पहिल्यांदा एका ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे ह्या भावंडांना वाटले! तेथे त्यांना संस्कृतातील पवित्र शास्त्र भेट मिळाले. संस्कृत त्यांची रोजची भाषा, पण त्या पुस्तकाची धाटणी इतकी वेगळी की त्यांना त्यातले काही उमगले नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे जिने अवघे शास्त्र मराठीत आणले, तिलाही पहिल्या वाचनात त्याचा अर्थ लागला नव्हता. पुस्तक हाती असणे आणि वचन कळणे ह्यांत बरेच अंतर असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

भाऊही १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी. आसामात सिल्चर येथे त्यांचा संसार होता. तेथे घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. त्या ती आवडीने वाचू लागल्या. जवळच एक बाप्तिस्त मिशनरी राहत. त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातली सृष्टीची हकिकत त्यांना समजावून दिली. पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे पतीला मान्य नव्हते. संसार जेमतेम १९ महिन्यांचा झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीला पटकीने गाठले आणि तान्ही मनोरमा पदरात घेऊन रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या.

त्या पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात, असे मांडले. त्यांचा स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ छापून निघाला आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून १८८३ मध्ये त्या विलायतेला गेल्या. वैद्यकी शिकावी असा त्यांचा मानस होता, पण कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो बेत सोडावा लागला.

वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात त्या राहत होत्या. ह्या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे एक सदन होते. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने ठेवून घेत. हा प्रकार रमाबाईंनी आपल्या देशात कधी पाहिला नव्हता. अशा स्त्रियांना शिक्षा करावी हे त्यांनी ऐकले होते, पण त्यांना उठवून उभे करावे हे ऐकले नव्हते. ह्या भगिनी असे का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री ह्यांची विहिरीवरची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या आणि परक्या जातीच्या बाईशी प्रभू बसून बोलतो आणि आराधनेविषयीचे गहन सत्य तिला सांगतो! स्त्रीला मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही, असे जे त्यांनी धर्मग्रंथांत वाचले होते, त्याच्याशी हा अध्याय त्यांनी ताडून पाहिला. फुलमचे सदन आणि योहानाचा अध्याय, म्हणजे केलेले काम आणि वाचलेले वचन, ही दोन्ही एकमेकांशी जुळतात हे त्यांना दिसले. दरम्यान, एके काळचे नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे ह्यांचेही त्यांच्याशी विचारविनिमयाचे पत्रव्यवहार चालू होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. जे पवित्र शास्त्रात मला दिसत नाही ते केवळ मंडळी सांगते म्हणून मी मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपल्यावर प्रेम करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशीही त्यांचे ह्यावरून पुष्कळ वाद झाले. त्या वेळी त्यांच्या मनात ज्या शंका होत्या, त्यांपैकी काही आपल्याला रुचणार नाहीत. तरीही मला त्यांचा एक गुण घेण्यासारखा वाटतो. शंका आली की त्या शास्त्र मिटून ठेवीत नसत, ते अधिक वाचीत. ज्याविषयी मनाची खात्री नाही त्याला होकार देणे हे त्यांना खोटे बोलण्यासारखे वाटे.

१८८६ मध्ये त्या डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्यासाठी बोस्टनला एक मंडळ उभे राहिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, हिंदू मुलींनी आपले आचार पाळायला पूर्ण मोकळीक असावी, असे ठरलेले होते. त्यानुसार शाळा चालत होती. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३ मध्ये प्रो. धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

ह्याच काळात रमाबाईंच्या अंतःकरणात मोठा पालट झाला. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम ह्या पाळकांचे आत्मचरित्रपर पुस्तक त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ पाळक असूनही पुष्कळ वर्षांनी त्यांचे खरे परिवर्तन झाले होते. ते वाचून रमाबाई आपल्याकडे पाहू लागल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा जो प्रभू, तो अजून आपलासा झाला नाही, असे त्यांना कळून आले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे लोटली होती, दोन खंडांत नाव झाले होते आणि शेकडो व्याख्याने झाली होती. एवढ्या मानाच्या स्त्रीने स्वतःविषयी असे कबूल करावे, हे सोपे नव्हते. त्यानंतर त्या शास्त्र वाचीत ते तारणाऱ्याला भेटण्यासाठी. पूर्वीचे वाचन पंडितेचे होते, आताचे लेकराचे होते.

आता मी त्या प्रसंगाकडे येते ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत मनोरमेबरोबर शास्त्र वाचून प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. बाईंनी त्यांना बोलावले नाही आणि घालवूनही दिले नाही. ही गोष्ट पुण्यात पसरली आणि वर्तमानपत्रांतून कडक टीका सुरू झाली. टिळकांचा केसरी त्यात पुढे होता. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. दार लावून घ्या म्हणजे वाद मिटेल, एवढाच प्रश्न वरवर दिसत होता.

दुसरी बाजूही आपण न्यायाने पाहिली पाहिजे. धर्मशिक्षण नाही ह्या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. ज्या बाईच्या आधाराने मुली राहतात, तिच्या प्रार्थनेचा त्यांच्या मनावर परिणाम होणारच, हे त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच. तेव्हा रानडे-भांडारकरांसारख्या सज्जनांना वाईट ठरवून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. पण बाईंचे म्हणणेही तितकेच सरळ होते. ज्या मुलींना आपली पूजाअर्चा करायची असेल, त्यांना सदनात मोकळीक आहे. मग मला माझ्या खोलीत प्रार्थनेची मोकळीक का नसावी? आणि जे मी चांगले समजून करते ते दार लावून, चोरून का करावे? दार लावले असते तर शाळेची भरभराट झाली असती, मोठी माणसे पाठीशी राहिली असती. त्यांनी ते लावले नाही. कोणावर जबरदस्ती नाही आणि कोणापासून लपवाछपवी नाही, हा त्यांचा दंडक त्यांनी नुकसान सोसून पाळला. आपल्यापैकी ज्या भगिनींना शेजारी, नातेवाईक किंवा कचेरीतले लोक काय म्हणतील ह्या भयाने शास्त्र कपाटात ठेवावेसे वाटते, त्यांनी ह्या उघड्या दाराचा विचार करावा. त्याचप्रमाणे ज्या भगिनी दुसऱ्याची मर्जी न पाहता त्याला उपदेश करू लागतात, त्यांनीही तो करावा.

१८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपल्या आईबापांना ज्या भुकेने नेले तीच भूक पुन्हा दाराशी आलेली रमाबाईंना दिसली. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगाव स्टेशनाजवळ शेतीसाठी घेतलेल्या सुमारे १०० एकर जमिनीवर त्यांना आणले. तेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. बोस्टनच्या मदतीची दहा वर्षे संपली होती. इतक्या तोंडांना रोज अन्न कोठून येणार, ह्याचे लेखी आश्वासन कोणाकडून नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रियाच करीत. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे वर्ग काढले.

ह्या मुक्तीत कृपासदन नावाचा एक विभाग होता. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. फुलमला ऐकलेला योहानाचा चौथा अध्याय सोळा-सतरा वर्षांनी केडगावच्या माळावर विटामातीत उभा राहिला! रमाबाईंच्या शास्त्रवाचनाची खूण मला विचाराल तर ती ही आहे. वाचलेले त्या विसरत नसत, आणि जमेल तेव्हा ते करून मोकळ्या होत.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचा गट सुरू केला. प्रथम सुमारे ७० जणी होत्या, जूनपर्यंत पाचशेहून अधिक झाल्या. त्यानंतर मुक्तीत जी आध्यात्मिक जागृती झाली, तिची वार्ता परदेशांतही पोचली. मात्र ह्या जागृतीच्या काळातही बाईंना एक उणीव बोचत होती. सदनातल्या बायका बहुतेक खेड्यापाड्यांतल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या. मराठी शास्त्रातले संस्कृत शब्द त्यांना अडत. कलकत्त्याला संस्कृत शास्त्र हाती घेऊन स्वतःला काही न उमगल्याचा अनुभव बाईंच्या गाठी होता. ह्या बायांना कळेल अशा साध्या बोलीत सबंध शास्त्र आणायचे, आणि तेही मूळ भाषांवरून, असे त्यांनी मनावर घेतले.

वय पन्नाशीकडे झुकलेले, कान अधू, अंगावर एवढा मोठा संसार. अशात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. मराठीतून हिब्रू शिकता यावी म्हणून पुस्तकेही केली. ज्या संस्कृतामुळे त्यांना पंडिता म्हणत, तेच संस्कृत त्यांनी ह्या कामात बाजूला ठेवले आणि सोपा शब्द सापडेपर्यंत अवघड शब्द लिहिला नाही. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळवले, छापले, बांधणी केली. दुष्काळात उपाशी सापडलेल्या मुली मोठ्या होऊन देवाच्या वचनाचे खिळे जुळवीत होत्या, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. एका स्त्रीने सबंध पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून आणल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. हे भाषांतर आपल्या मंडळ्यांत सर्रास वापरात आले नाही, हे खरे. पण ज्यांच्यासाठी ते केले त्यांच्या हाती ते पडले.

शेवटची वर्षे जड गेली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले, पण बाईंचे लक्ष मुद्रितांकडे होते. जिच्या हाती सर्व सोपवायचे ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. तरी शास्त्राचे काम थांबले नाही. अखेरच्या दुखण्यात, काम पुरे व्हायला दहा दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रभूजवळ विनवणी केली आणि तेवढे दिवस मिळाले, असे सांगतात. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. सबंध शास्त्र १९२४ मध्ये छापून पुरे झाले.

भगिनींनो, रमाबाईंची विद्वत्ता आपल्या आवाक्यातली नाही. दोन हजार अनाथांना पोसण्याची शक्तीही आपल्यात नाही. पण त्यांचे रोजचे वाचन आपल्याला करता येण्यासारखे आहे. दिवसाची पहिली वेळ वचनाला द्यावी. कळले नाही तर कळल्याचा आव न आणता विचारावे, पुन्हा वाचावे. वाचलेल्यातले एखादे तरी त्या आठवड्यात हातून घडावे. हिशेबाच्या वहीत, सुनेशी वागताना, मोलकरणीचा पगार देताना जर कालचा अध्याय आठवत नसेल, तर तो आपण वाचला असे म्हणता येणार नाही.

आणखी एक विनंती आहे. आपल्या मंडळात येणाऱ्या भगिनींत काही वयोवृद्ध आहेत, त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. काहींना लहानपणी शाळा मिळाली नाही. त्या सभेत शेवटच्या रांगेत बसतात आणि पुस्तक उघडायची वेळ आली की नुसते ते मांडीवर धरून ठेवतात. येत्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येकीने अशा एका भगिनीच्या घरी जावे, तिच्याजवळ बसावे आणि तिला समजेल अशा बोलीत रोज एक अध्याय वाचून दाखवावा. पंडिताबाईंची आठवण राखण्याचा ह्याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.